कनकीला कुलूप, ग्लुकोजला मोकळी वाट

या पानावर एरवी तुडतुडा, पऱ्हे, युरिया असंच काहीबाही लिहितो. आज जकातीवर लिहितोय. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण यातला पैसा आपल्या बांधीतून निघून जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. तांदळाच्या कनकीपासून किंवा मक्यापासून जो ग्लुकोज बनवतो, त्या कारखानदाराला सरकारने दोन भिंती बांधून दिल्या आहेत. बाहेरचं ग्लुकोज स्वस्तात आत येऊ नये म्हणून आयात शुल्काची एक भिंत. आतली कनकी बाहेर जाऊन महाग होऊ नये म्हणून निर्यातबंदीची दुसरी, जी मार्च २०२५ पर्यंत उभी होती. पहिल्या भिंतीमुळे त्याचा माल चढ्या भावात विकला जातो, दुसरीमुळे त्याला कच्चा माल उतरत्या भावात मिळत होता. आणि तो कच्चा माल कोण पिकवतो? गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरचा धानवाला. दुसऱ्या भिंतीचा खर्च सगळा आपल्या अंगावर, आणि पहिल्या भिंतीच्या फायद्यात आपली एक पायलीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, आपला ग्लुकोजशी काय संबंध? मे महिन्यात ऊन लागलं की पुडी पाण्यात घोळून पितो, तेवढाच. तर ऐका.

ग्लुकोज म्हणजे स्टार्च तोडून काढलेली साखर. मका घ्या, तांदूळ घ्या, साबुदाण्याचा कंद घ्या, ज्यात स्टार्च आहे त्यातून ते निघतं. पीठ पाण्यात कालवायचं, तापवायचं, एक एन्झाइम टाकून स्टार्चच्या लांब साखळ्या तोडायच्या, मग दुसरं एन्झाइम टाकून त्याची गोड साखर करायची, गाळायचं, आटवायचं. दाट पाक मिळतो, त्याला बाजारात लिक्विड ग्लुकोज म्हणतात. अजून साफ करून दाणे पाडले की डेक्स्ट्रोज. अर्धवट तोडून पावडर केली की माल्टोडेक्स्ट्रिन. गोळ्या-चॉकलेटात साखरेचे खडे होऊ नयेत म्हणून हा पाक लागतो. आइस्क्रीम, बिस्किट, खोकल्याचं औषध, दवाखान्यातली सलाईन, जुलाबावरचं ओआरएस, सगळीकडे हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं.

आपल्या देशात हे काम मुख्यतः मक्यावर चालतं. आपल्याच राज्यात दोंडाईचा आणि चाळीसगावला मक्यापासून स्टार्च काढणारे मोठे कारखाने आहेत. पण तांदळात मक्यापेक्षा जास्त स्टार्च असतो, साफ केलेल्या तांदळात वजनाच्या पाऊण हिस्सा तरी धरा. म्हणून कनकीपासून राईस सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन बनवणारेही आहेत, आणि पाक काढल्यावर उरलेला प्रथिनांचा गाळ ते पशुखाद्यात विकतात. म्हणजे आपल्या राईस मिलमधून जी कनकी पोत्यात भरून ट्रकात चढते, तिचे गिऱ्हाईक चार: पोल्ट्री, इथेनॉलवाला, ग्लुकोजवाला आणि परदेश. चार गिऱ्हाइकं बाजारात असली की भाव मिळतो. त्यातलं एक हाकलून लावलं की उरलेली तीन ठरवतील तो भाव.

आता तारखा बघा. या तारखा वहीत लिहून ठेवाव्या अशा आहेत.

९ सप्टेंबर २०२२: कनकीच्या निर्यातीवर बंदी. त्याच दिवशी साध्या पांढऱ्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क.
२० जुलै २०२३: बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद. आपल्याकडे तेव्हा रोवणी सुरू होती.
२५ ऑगस्ट २०२३: उसन्या तांदळावर २० टक्के शुल्क.
२८ सप्टेंबर २०२४: पांढरा तांदूळ किमान निर्यात किमतीची अट घालून मोकळा. उसन्याचं शुल्क त्याच वेळी १० टक्क्यांवर, आणि ऑक्टोबरमध्ये शून्य.
७ मार्च २०२५: कनकी मोकळी.

काय दिसलं? कुलूप सगळ्यात आधी कनकीला लागलं आणि सगळ्यात शेवटी कनकीचंच निघालं. अडीच वर्षं. बंदी घालताना कारण दिलं देशात अन्नधान्य पुरलं पाहिजे. ठीक आहे, गरिबाच्या ताटातल्या भाताबद्दल माझी तक्रार नाही. पण पांढरा तांदूळ, जो माणसं खातात, तो आधी सोडला आणि कनकी, जी कोंबड्या आणि कारखाने खातात, ती पाच महिने आणखी धरून ठेवली. सरकारच्या निवेदनातच लिहिलं होतं की कनकीचा खुल्या बाजारातला भाव १६ रुपये किलोवरून २२ वर गेला, पोल्ट्रीला खाद्य महाग पडतंय, इथेनॉलला माल कमी पडतोय. म्हणजे भाव वाढला हाच गुन्हा होता.

आणि या अडीच वर्षांत कनकीचा पाक करून बाहेर पाठवायला बंदी नव्हती. नीट वाचा. कनकी पोत्यात असेल तर ती धान्य, जकात तक्त्याच्या दहाव्या प्रकरणात, तिला बंदी. तीच कनकी शिजवून, गाळून, पिंपात भरली की ती सतराव्या प्रकरणातली साखर, शीर्षक १७०२, तिला वाट मोकळी. देशाची अन्नसुरक्षा पोत्यातून गेली तर धोक्यात येते आणि पिंपातून गेली तर येत नाही, हे गणित मला कोणी कृषी विद्यापीठातल्या साहेबाने समजावून सांगावं.

आता एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच गावातले लोक घेतात. “कनकी मिलवाला विकतो, आपण तर धान विकतो. आपल्याला काय फरक पडतो?”

पडतो. मिलवाला धान घेताना डोक्यात काय हिशेब करतो ते बघा. एक क्विंटल धानातून साबूत तांदूळ किती, कनकी किती, कोंडा किती, भुसा किती, प्रत्येकाचा भाव लावायचा, भरडाईचा खर्च आणि आपला नफा वजा करायचा, उरेल तो धानाचा भाव. सरकारी भरडाईत क्विंटलला ६७ किलो कच्चा तांदूळ द्यायचा असतो आणि त्यात २५ टक्क्यांपर्यंत तुकडा चालतो. तोच आकडा खासगी खरेदीच्या हिशेबाला धरू. ६७ चे २५ टक्के म्हणजे पावणेसतरा किलो कनकी. किलोला ६ रुपयांचा फरक, म्हणजे क्विंटलमागे १०० रुपये. एकरी १६ क्विंटल धरले तर १,६०० रुपये. हा पैसा मिलवाल्याच्या खिशातून जात नाही भाऊ, तो धानाच्या भावातून आधीच कापून घेतलेला असतो.

उन्हाळी धानवाल्याला तर हे दुप्पट लागतं. मे महिन्यात कापलेला धान कच्चा भरडला की जास्त फुटतो. दिवसा कडक ऊन, दाण्याला बारीक तडे जातात, मिलमध्ये गेल्यावर तुकडाच तुकडा. म्हणून तो धान उसना करतात. आता २०२३-२४ ची परिस्थिती आठवा: कच्चा भरडला तर कनकी जास्त आणि कनकीला निर्यातबंदी. उसना केला तर २० टक्के शुल्क. पांढरा करून पाठवावा तर तोही बंद. तिन्ही दारं बंद करून ठेवली आणि मग आपल्याला सांगितलं, बाजारभाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो!

कोणी म्हणेल, सरकारने बोनस दिला ना. दिला. २०२३-२४ ला हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. त्याबद्दल नाही म्हणत नाही. पण बोनस हा राज्याच्या तिजोरीतून येतो, दरवर्षी अधिवेशनात मागावा लागतो, खात्यात कधी पडेल ते सांगता येत नाही, आणि ठेका-बटईने करणाऱ्याला बहुतेक वेळा मिळतच नाही, कारण सातबारा दुसऱ्याचा. भाव मात्र ज्याच्या हातात धान आहे त्याला, त्याच दिवशी मिळतो. एका हाताने बाजार बंद करायचा आणि दुसऱ्या हाताने मदत वाटायची, यात शेतकरी मागणारा होतो. मला मागणारा व्हायचं नाही.

मक्याची गोष्ट पण हीच आहे, आणि ती आपल्याशी जोडलेली आहे, कारण ग्लुकोजवाल्यासाठी मका आणि कनकी हे एकाच तराजूचे दोन पारडे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली. इथेनॉलवाले मक्याकडे वळले, मका वधारला. मका पिकवणाऱ्याला दोन पैसे मिळायला लागले तर स्टार्चवाले आणि पोल्ट्रीवाले दिल्लीला पोचले. २०२४ च्या जूनमध्ये जवळपास ५ लाख टन मका १५ टक्के शुल्काने आणायची परवानगी निघाली. एरवी मक्यावर याच्या तिपटीहून जास्त शुल्क असतं. म्हणजे मक्याचा भाव चढला तेव्हा खिडकी उघडायला काही महिने पुरले.

मग भाव पडल्यावर काय झालं? २०२५-२६ ला मक्याचा हमीभाव २,४०० रुपये. नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात मका हमीभावाच्या कितीतरी खाली गेला आणि शेतकरी रस्त्यावर बसले. आणि त्याच वर्षी एफसीआयचा तांदूळ इथेनॉलवाल्यांना २,२५० रुपये क्विंटलने दिला जात होता, आधीचा २,८०० चा दर कमी करून. आपल्या धानाचा हमीभाव २,३६९. क्विंटलभर धानाचे ६७ किलो तांदूळ होतात. म्हणजे एक क्विंटल तांदळाला दीड क्विंटल धान लागतो, नुसत्या धानाचेच साडेतीन हजार रुपये झाले. तो तांदूळ कारखान्याला २,२५० ला. फरक करदात्याचा, फायदा कारखान्याचा, आणि त्या स्वस्त तांदळाने कनकी आणि मका दोघांचेही भाव दाबले. सरकारी गोदामं भरली आहेत हे खरं, तांदूळ सडवण्यापेक्षा वापरलेला बरा हेही खरं. पण मग शेतकऱ्याची कनकी अडीच वर्षं कशासाठी अडवून ठेवली होती?

जगात काय चालतं तेही बघू. आपल्याला नेहमी सांगतात की जगात खुला व्यापार आहे. अजिबात नाही. युरोपात साधी कनकी न्यायची असेल तर टनाला ६५ युरो शुल्क. ग्लुकोजचा पाक न्यायचा असेल तर १०० किलोला २० युरो, म्हणजे टनाला २००. तिप्पट. त्याचा अर्थ सरळ आहे: कच्चा माल आणा, पाक आमच्याकडेच बनेल.

अमेरिकेत साखरेच्या आयातीला कोटा आहे, म्हणून तिथे साखर महाग. ग्लुकोजच्या पाकाला आणखी एक एन्झाइम लावलं की त्याचा काही भाग फ्रुक्टोज होतो आणि तो साखरेइतका गोड लागतो. १९८४ मध्ये कोका-कोला आणि पेप्सी दोघांनी अमेरिकेतल्या थंड पेयात साखर सोडून हा मक्याचा पाक घ्यायचं ठरवलं. जकात साखरेवर, पण फायदा मका पिकवणाऱ्यालाही झाला. मेक्सिकोने आपल्या ऊसवाल्यांसाठी १९९८ मध्ये या अमेरिकन पाकावर अँटी-डंपिंग शुल्क लावलं, मग २००२ मध्ये उसाच्या साखरेशिवाय दुसरा गोडवा वापरणाऱ्या थंड पेयांवर २० टक्के कर लावला. जागतिक व्यापार संघटनेत दोन्ही वेळा हरले, पण लढले. युरोपने बीटवाल्या शेतकऱ्यांसाठी या पाकाच्या उत्पादनालाच कोटा लावून ठेवला होता, तो थेट ३० सप्टेंबर २०१७ ला उठला.

या सगळ्यात चूक-बरोबर काय ते बाजूला ठेवा. एक गोष्ट समान आहे. तिथे गोड पाकाची जकात ठरवताना शेतकरी टेबलावर बसलेला असतो. आपल्याकडे टेबलावर कारखानदार असतो आणि शेतकरी मेन्यूत असतो.

आणि आता अमेरिकेला आपल्याकडे मका विकायचा आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे वाणिज्यमंत्री लुटनिक यांनी जाहीर टोमणा मारला की एवढ्या लोकसंख्येचा भारत आमचा एक बुशेल मकाही घेत नाही. बुशेल म्हणजे साधारण २५ किलो. तो मका बहुतेक सगळा जनुक बदललेला. तो आला तर सगळ्यात आधी स्टार्च, इथेनॉल आणि पोल्ट्रीकडे जाईल. मग आपल्या कनकीकडे कोण बघेल? म्हणून मका धुळे-जळगावचा प्रश्न आहे असं समजून गोंदियावाल्याने गप्प बसू नये.

एक स्पष्ट करतो. ग्लुकोजवरचं आयात शुल्क काढून टाका असं मी म्हणत नाही. बाहेरचा स्वस्त पाक आला की काय होतं ते मधाच्या बाबतीत बघितलं. डिसेंबर २०२० मध्ये सीएसई या दिल्लीच्या संस्थेने दाखवून दिलं की मधात असा साखरेचा पाक मिसळतात जो नेहमीच्या तपासणीत सापडतच नाही, आणि त्याचा धागा चीनपर्यंत जातो. नवेगाव-नागझिराच्या जंगलात मध काढणाऱ्याने त्या पाकाशी काय स्पर्धा करावी? तर भिंत असू द्या. कारखानेही असू द्या, ते आपलं गिऱ्हाईक आहेत, त्यांच्याशी वैर नाही. पण जो भिंतीच्या आडोशाला उभा आहे, त्याने भाडं द्यावं.

म्हणून माझ्या चार मागण्या:

१. तांदूळ, कनकी, मका यांच्या निर्यातीचे नियम खरीपाच्या पेरणीआधी जाहीर करा आणि तो हंगाम संपेपर्यंत बदलू नका. रोवणी झाल्यावर बंदी म्हणजे डाव सुरू झाल्यावर नियम बदलणं.

२. टंचाई आलीच तर बंदी नको. भावाप्रमाणे वर-खाली होणारं शुल्क लावा, आणि त्याची पायरी आधी सांगा. शुल्क असलं तरी गिऱ्हाईक बाजारात राहतं, बंदीत ते दुसऱ्या देशाकडे जातं आणि परत येत नाही. २०२१-२२ मध्ये आपल्या कनकीचा सगळ्यात मोठा खरेदीदार चीन होता.

३. कच्च्या मालाची निर्यात अडवली तर त्या काळात तो माल वापरणाऱ्या कारखान्यांनी कनकी आणि मका ठरलेल्या किमान भावाखाली घेऊ नये, अशी अट घाला. आयात शुल्काचं संरक्षण हवं तर ही अट मान्य करा.

४. तांदळाच्या निर्यात शुल्कातून जमा झालेला पैसा धानाच्या जिल्ह्यांत परत आणा. गावपातळीवर ड्रायर द्या, म्हणजे दाण्यात २० टक्क्यांच्या वर ओल असतानाच कापून सावकाश वाळवता येईल आणि तुकडा कमी होईल. आज केंद्रावर १७ टक्क्यांच्या आत ओल लागते, म्हणून आपण धान उभा वाळवतो किंवा कडक उन्हात टाकतो, आणि तिथेच दाणा तडकतो.

कृषी विभागातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांना एक विनंती. प्रत्येक कार्यशाळेत तुम्ही आम्हाला सांगता, प्रक्रिया उद्योग काढा, मूल्यवर्धन करा. ग्लुकोजच्या कारखान्याला बॉयलर लागतो, एन्झाइम लागतात, सांडपाण्याची सोय लागते, कोट्यवधीचं भांडवल लागतं. शेतकरी गटाच्या दहा हजाराच्या वर्गणीत ते होत नाही. ते होईल तेव्हा होईल. तोवर निदान एवढं करा: १०१०, एचएमटी, श्रीराम, जे जे वाण आपल्याकडे चालतात, त्यांचं खरीप आणि उन्हाळी दोन्ही हंगामातलं साबूत तांदूळ आणि कनकीचं प्रमाण तालुकावार काढून जाहीर करा. एकरी किती पोते झाले हे आम्हाला कळतं. पोत्यातून काय निघतं हे फक्त मिलवाल्याला कळतं, आणि भाव तोच सांगतो.

कांद्याचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरला बंदी आली. नाशिकवाले बाजार समित्या बंद करून बसले, लोकसभेच्या निवडणुकीत राग दाखवला. बंदी गेली, शुल्क २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं. नाशिकची कनकी असती तर तिला अडीच वर्षं कुलूप राहिलं नसतं. आपण झाडीपट्टीची माणसं सोशिक, हे कौतुकाने सांगतात. पण सोसण्याचा भाव बाजारात शून्य आहे.

येत्या ग्रामसभेत या चार मागण्यांचा ठराव घ्या. एक पानाचा पुरतो. प्रत तहसीलदाराला, एक खासदाराला. कोणी मसुदा मागितला तर मी लिहून देतो.

आणि आजच एक काम करा. घरी खायला धान भरडाल तेव्हा तांदूळ, कनकी, कोंडा वेगवेगळं तोलून घ्या. वाण, हंगाम, कापणीची तारीख आणि तुमच्या इथला कनकीचा भाव खाली लिहा. आमगाव, सालेकसा, देवरी, तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, सगळीकडचे आकडे येऊ द्या. महिनाभराने एकत्र करून याच पानावर टाकतो.